आखूड शू पुढे, लांब शू मागे

जुन्या शेव्हरोले सी-१० पिकअपच्या मागच्या चाकातून काढलेले दोन ब्रेक शू टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, की एक गोष्ट लगेच नजरेत भरते. दोघांचा लोखंडी सांगाडा जवळपास सारखाच असतो, पण एकावरचा लायनर आखूड असतो आणि दुसऱ्यावरचा लांब. नवे शू बसवताना नवख्याचा हात लांब लायनरचा शू आपसूक पुढच्या बाजूला लावतो. ब्रेक मारल्यावर गाडीचा भार पुढे जातो, तेव्हा मोठा शूही पुढेच हवा, असा त्यामागचा हिशेब. तो हिशेब इथे चालत नाही. आखूड शू पुढे आणि लांब शू मागे, हीच त्यांची जागा आहे. असं का, हे ज्याला नीट उमगलं त्याला मागच्या ड्रम ब्रेकचं उरलेलं काम समजायला वेळ लागत नाही.

१९६७ ते १९७२ या काळातला सी-१० हा अमेरिकेत जुन्या गाड्या उभ्या करणाऱ्या मंडळींचा लाडका ट्रक. नावातला ‘सी’ म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांना ताकद देणारी गाडी, आणि ‘१०’ म्हणजे अर्ध्या टनाचा वर्ग. शेतावर, बांधकामावर, दुकानाच्या मालासाठी हे ट्रक राबले आणि मग कोठारात किंवा अंगणात वर्षानुवर्षं उभे राहिले. ब्रेकच्या इतिहासात ही पिढी बरोबर सांध्यावर उभी आहे. १९६७ पासून तिच्यात दुहेरी मास्टर सिलिंडर आला, म्हणजे एका जोडीच्या नळीतून ऑइल गळालं तरी दुसऱ्या जोडीचे ब्रेक शाबूत राहू लागले. १९७१ पासून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक मिळाले. मागे मात्र शेवटपर्यंत ड्रमच राहिले.

शेव्हरोले हे नाव मराठी वाचकाला परकं नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता आणि पुढची पंचवीसेक वर्षं तिथून शेव्हरोलेच्या मोटारी आणि ट्रक बाहेर पडत होते. सी-१० मात्र त्यानंतरची गाडी, आणि ती घडली आणि वापरली गेली मुख्यतः अमेरिकेत.

ड्रम ब्रेकची कल्पना तिच्याहून कितीतरी जुनी. फिरणाऱ्या पोकळ ड्रमच्या आतून शू बाहेर दाबायचे आणि घर्षणाने चाक थांबवायचं, ही रचना फ्रान्सच्या लुई रेनॉने १९०२ मध्ये पुढे आणली. सुरुवातीला शू ढकलण्याचं काम तारा आणि सळया करत. चारही चाकांना सारखा जोर पोचवणं त्यांना कधीच नीट जमलं नाही, कारण एक तार सैल पडली की गाडी एका बाजूला ओढली जाई. द्रवाच्या दाबाने हा प्रश्न सोडवला तो माल्कम लॉकहीडने. विमानांच्या कंपनीमुळे जे लॉकहीड नाव जगभर झालं, त्या ॲलन लॉकहीडचा हा भाऊ. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीला चारही चाकांवर हायड्रॉलिक ब्रेक होते. शेव्हरोलेने ते १९३६ मध्ये घेतले, फोर्डने १९३९ मध्ये. त्यानंतर शेव्हरोलेच्या अर्ध्या टनी ट्रकमध्ये १९५१ ला बेंडिक्स पद्धतीची ड्यूओ-सर्व्हो रचना आली, आणि सी-१०च्या मागच्या चाकात दिसते ती हीच.

या रचनेची खुबी दोन्ही शूंच्या खालच्या टोकांत आहे. ती टोकं ब्रेकच्या पाठीमागच्या तबकडीला, म्हणजे बॅकिंग प्लेटला, घट्ट बांधलेली नसतात. ती एकमेकांना जोडलेली असतात, आणि मधे असतो दातेरी चाकाचा ॲडजस्टर. सगळी जोडी वरच्या एकाच जाड खिळीवर टेकलेली असते. या खिळीला ‘अँकर पिन’ म्हणतात. ड्रायव्हरने पेडल दाबलं, की खिळीच्या अगदी खाली बसवलेला व्हील सिलिंडर दोन्ही शूंना बाहेर ढकलतो. पुढचा आखूड शू ड्रमला टेकतो. गाडी पुढे जात असताना ड्रमची पुढची बाजू खाली सरकत असते, म्हणून तो शूलाही आपल्याबरोबर खाली ओढतो. ओढला गेलेला शू ॲडजस्टरमधून मागच्या शूला ढकलतो. मागच्या बाजूला ड्रम वर चाललेला असतो, तो या लांब शूला वर नेऊन अँकर पिनवर दाबतो. म्हणजे मागच्या शूवर तीन जोर एकत्र येतात: सिलिंडरचा, पुढच्या शूने दिलेला आणि खुद्द ड्रमचा. दाराखाली सरकवलेली पाचर दार ढकलावं तितकी घट्ट बसते, तसंच इथे घडतं. थांबवण्याचं बहुतेक काम मागचा शू करतो, म्हणून त्याला लांब लायनर.

थोडक्यात, गाडीचा वेगच गाडी थांबवायला मदत करतो. पॉवर ब्रेक नसलेले दोन-दोन टनी ट्रक साध्या पायाच्या जोराने थांबत आले, ते याच युक्तीवर. पण या युक्तीची दुसरी बाजूही आहे. जे बळ वाढवतं ते दोषही वाढवतं. लायनरवर ब्रेक ऑइलचा जरासा ओघळ आला, ड्रम थोडा लंबगोल झाला किंवा शूची अदलाबदल झाली, तर परिणाम दुपटीने जाणवतो. एक चाक अचानक आवळतं आणि दुसरं सुस्त राहतं. शू उलटे बसवले तर सगळा भार आखूड लायनरवर येतो. तो लवकर झिजतो, आणि लांब लायनर पुढे जवळजवळ बेकार बसून राहतो. डिस्क ब्रेक बसवणाऱ्याच्या ढिलाईला थोडंफार पोटात घालतो. ड्यूओ-सर्व्हो ड्रम घालत नाही.

काम सुरू होतं ते ट्रक उभा करण्यापासून. मागचा हँडब्रेक याच शूंवर चालतो, तेव्हा ड्रम काढायचा तर तो सोडावा लागतो. म्हणून पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडण लावायचं आणि मागचा ॲक्सल भक्कम घोड्यांवर टेकवायचा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही हात घालू नये. पन्नास वर्षं जागेवर असलेला ड्रम सहज निघत नाही. कधी हबच्या कडेला गंजाने धरलेला असतो, कधी झिजून आतल्या बाजूला कंगोरा तयार झालेला असतो आणि शू त्यावर अडकतात. अशा वेळी बॅकिंग प्लेटच्या खाचेतून बारीक स्क्रू ड्रायव्हरने सेल्फ-ॲडजस्टरची पट्टी बाजूला धरायची आणि दुसऱ्या हत्याराने दातेरी चाक उलटं फिरवून शू आत घ्यायचे. पट्टी बाजूला न करता चाक फिरवायला गेलं तर दात बोथट होतात. गंजासाठी हबभोवती भेदक तेल घालून थांबायचं आणि मग बोल्टांच्या मधल्या जागेवर हातोडीने टकटक करायची. ड्रमच्या कडेवर घाव घालायचा नाही, कारण बिडाची कड टिचते.

ड्रम निघाल्यावर पहिली नजर धुळीवर जायला हवी. याबाबतीत कोणतीही घाई किंवा बेफिकिरी माफ नाही. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. लायनर झिजून झालेली काळपट पूड ड्रमच्या तळाशी साचते, आणि तिच्यातले तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. ते फुफ्फुसात गेले तर मेसोथेलिओमासारखा कर्करोग होऊ शकतो, आणि तो उघड व्हायला कित्येक दशकं लागतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९८९ मध्ये ॲस्बेस्टॉसवर आणलेली बंदी १९९१ मध्ये न्यायालयाने बरीचशी रद्द केली. क्रायसोटाइल ॲस्बेस्टॉसवर तिथे नवी बंदी जाहीर झाली ती थेट मार्च २०२४ मध्ये, आणि तिच्यात बाजारात सुटे मिळणारे ब्रेक लायनरही आले. म्हणजे जुन्या ट्रकवर कुठल्या साली बदललेला लायनर आहे, यावरून निर्धास्त राहता येत नाही. कॉम्प्रेसरची हवा मारून ब्रेक उडवून साफ करणं ही सवय अमेरिकेतही होती आणि आपल्याकडच्या गॅरेजमध्ये आजही दिसते. ती सोडलीच पाहिजे. पूड पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने भिजवायची, खाली पसरट भांडं ठेवायचं, ओल्या फडक्याने टिपून घ्यायची आणि फडकं पिशवीत बंद करून टाकायचं. कोरडा झाडू, सुका ब्रश, फुंकर, काहीही नको.

मग तपास. लायनर, ड्रम आणि व्हील सिलिंडर हे तिघे मिळून गाडीचा मागचा सगळा इतिहास सांगतात. व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांना रबरी टोप्या असतात. त्या हलक्या हाताने मागे केल्या आणि आत ओल दिसली, तर आतले रबरी कप गेले. लायनरवरची किंवा ड्रममधली ओल पातळ असेल आणि रंग खात असेल तर ते ब्रेक ऑइल. जाड, गंधकासारखा उग्र वास असलेली असेल तर ते गिअर ऑइल, म्हणजे ॲक्सलचं सील गेलं. दोन्हींचा इलाज वेगळा आहे. सी-१०च्या बारा बोल्टी मागच्या ॲक्सलमध्ये सील बदलायचं तर डिफरन्शियलचं झाकण उघडून आतल्या सी आकाराच्या क्लिपा काढाव्या लागतात, तेव्हाच ॲक्सलचा दांडा बाहेर येतो. हे सोडून नुसते नवे शू घातले, तर तेही थोड्याच दिवसांत तेलात भिजतात. एका चाकाचा लायनर तेलाने माखला असेल तर दोन्ही चाकांचे शू बदलायचे. लायनरमध्ये मुरलेलं तेल धुऊन निघत नाही, आणि दोन बाजूंचं घर्षण वेगळं राहिलं तर ओल्या रस्त्यावर ट्रकची शेपटी आडवी फिरते.

लायनर दोन प्रकारचे असतात: रिव्हेटने ठोकलेले आणि चिकटवलेले. रिव्हेटवाल्यात लायनरची उंची रिव्हेटच्या डोक्यावर मोजायची. एक बत्तिसांश इंच, म्हणजे सुमारे ०.८ मिलिमीटर उरलं की शू काढायचे. त्याखाली गेलं की रिव्हेट ड्रमला खरडू लागतात आणि ड्रममध्ये चरे पडतात.

ड्रमची तपासणी आणखी बारकाईने करावी लागते. सी-१०चा ड्रम ११ इंची, म्हणजे आतला व्यास सुमारे २७९ मिलिमीटर. लेथवर तो घासून नितळ करता येतो, पण मर्यादेत. या आकाराच्या ड्रमला घासताना व्यास जास्तीत जास्त ०.०६० इंचाने, सुमारे दीड मिलिमीटरने, वाढू द्यायचा. झिजून एकूण वाढ ०.०९० इंच झाली की ड्रम टाकून द्यायचा. अनेक ड्रमवर ही मर्यादा ओतीव अक्षरांत लिहिलेली असते. आतल्या पृष्ठभागावर निळसर ठिपके दिसले, तर तिथे अतिउष्णतेने बीड कडक झालेलं आहे. अशा जागी लायनर धड चावत नाही आणि पेडल थरथरतं. आडवे बारीक तडे बोटाच्या नखाला लागले, तर लेथचा विचारही करू नये.

इथे थोडा उष्णतेचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. माल आणि माणसं धरून २,००० किलोचा ट्रक ताशी ९० किलोमीटरने चालला असेल, तर त्याच्या गतीत सुमारे ६२५ किलोज्यूल ऊर्जा असते. दोन लिटर पाणी उकळीला आणायला जवळपास तेवढीच लागते. एकदा पूर्ण थांबताना ही सगळी ऊर्जा चार चाकांच्या बिडात आणि लायनरमध्ये काही सेकंदांत उतरते. लांब घाटात वारंवार ब्रेक मारत उतरलं की ड्रम तापत जातो. बिडाचं तापमान २०० अंश सेल्सिअसने वाढलं तर ११ इंची ड्रमचा व्यास सुमारे ०.६ मिलिमीटरने फुगतो. म्हणजे ड्रम शूपासून दूर सरकतो आणि पेडल खोल जातं. डिस्कच्या बाबतीत उलट होतं, तापलेली डिस्क जाड होऊन पॅडकडेच येते. घाट उतरताना खालच्या गिअरवर इंजिनाचा ब्रेक वापरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा आग्रह किती रास्त होता, ते या आकड्यांत दिसतं. आणि लेथवर जास्त घासलेला, भिंत पातळ झालेला ड्रम आणखी लवकर तापतो, हेही.

ड्रम घासल्यावर एक जुना प्रश्न उभा राहतो. ड्रमची वक्रता किंचित मोठी झाली आणि नवा लायनर मूळ वक्रतेचा, तर तो फक्त मध्यभागी टेकतो. पूर्वी अमेरिकेतली गॅरेजं खास यंत्रावर लायनर घासून त्याची कमान ड्रमशी जुळवून देत. ॲस्बेस्टॉसच्या काळात त्या यंत्राभोवती कामगारांनी किती धूळ घेतली असेल, याचा विचार अस्वस्थ करतो. आता हे काम फार कमी ठिकाणी होतं. ड्रम बराच घासावा लागत असेल तर नवा ड्रम घेणं शहाणपणाचं, आणि सी-१० लोकप्रिय असल्याने त्याचे नवे ड्रम, शू आणि सिलिंडर अजून सहज मिळतात.

व्हील सिलिंडरबद्दलही तेच. पूर्वी सिलिंडर उघडून, आतला भाग होन करून, नवं किट घालून परत बसवत. पण ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. उभ्या राहिलेल्या गाडीत ते पाणी सिलिंडरच्या तळाला गंजाचे खड्डे पाडतं, आणि खड्ड्यावरून सरकणारा रबरी कप फार टिकत नाही. खड्डा नखाला लागत असेल तर सिलिंडर नवाच घ्यावा. साफसफाईत आणखी एक पथ्य आहे: या रबरी भागांना पेट्रोल, डिझेल किंवा इंजिन ऑइल कधीही लावायचं नाही. खनिज तेलाने ते रबर फुगतं. एका थेंबाने लगेच काही होत नाही, पण एकदा ते तेल ब्रेकच्या नळ्यांत गेलं तर मास्टर सिलिंडरपासून होसपाइपपर्यंत सगळं रबर बदलावं लागतं.

जोडणीच्या आधी एका दुर्लक्षित जागेकडे पाहायचं. बॅकिंग प्लेटवर प्रत्येक शूसाठी थोडे उंच सपाट ठिपके असतात आणि शूची कड त्यांच्यावरून सरकते. वर्षानुवर्षांच्या घासण्याने त्यांच्यात खाचा पडतात. नवा शू त्या खाचेत अडकला की ब्रेक एकदम पकडतो किंवा सुटतच नाही. गंज काढून, खाच असेल तर वेल्ड भरून आणि कानशीने सपाट करून, त्यावर उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ थर द्यायचा. नवे शू, नवा ड्रम, नवे सिलिंडर घालूनही ब्रेक कुरकुरतो तेव्हा दोष बहुतेक वेळा इथे सापडतो. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि तरी सर्वांत जास्त वगळलं जातं.

स्प्रिंगांचा सबंध संच नवा घ्यावा, त्याचा खर्च शूंपेक्षाही कमी असतो. तापून मऊ झालेली स्प्रिंग शूला पूर्ण आत ओढत नाही. मग शू ड्रमला सतत घासत राहतो, त्याने ड्रम आणखी तापतो आणि स्प्रिंग आणखी मऊ पडते. एका वेळी एकच बाजू उघडायची, म्हणजे दुसरी बाजू नमुना म्हणून समोर राहते. फक्त ती आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी आहे, एवढं भान ठेवायचं. स्प्रिंग ताणायला तिची खास पकड वापरावी, साध्या पकडीतून सुटलेली स्प्रिंग डोळ्याचा वेध घेते. हँडब्रेकचा लिव्हर जुन्या मागच्या शूवरून नव्यावर काढून लावायचा आणि दोन शूंमधली पट्टी तिच्या छोट्या स्प्रिंगसह बरोबर खाचेत बसली आहे का, ते बघायचं.

सेल्फ-ॲडजस्टरपाशी मात्र थोडं थांबायला हवं, कारण बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथेच निघतं. ट्रक मागे घेताना ब्रेक मारला की ड्रम उलटा फिरतो. मागचा शू अँकर पिनपासून जरासा सुटतो आणि पिनला अडकवलेली कडी एका लिव्हरला हलवते. लायनर झिजून मधलं अंतर वाढलं असेल, तर हा लिव्हर दातेरी चाकाचा एखादा दात पुढे ढकलतो. ॲडजस्टर लांब होतो आणि झीज भरून निघते. हे सुंदर यंत्र चालण्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, ॲडजस्टरचे आटे साफ आणि हलके वंगण दिलेले हवेत. दुसरी, डाव्या चाकाचा ॲडजस्टर डावीकडेच आणि उजव्याचा उजवीकडेच. दोन्हींचे आटे एकमेकांच्या उलट दिशेचे असतात. अदलाबदल झाली तर दर वेळी मागे घेताना ब्रेक घट्ट होण्याऐवजी आणखी सैल होत जातो. पेडल दिवसेंदिवस खाली जातं, मालक ऑइल गळतंय म्हणून नळ्या तपासत बसतो, आणि दोष असतो उलट्या जागी बसलेल्या त्या बोटभर स्क्रूमध्ये. या ॲडजस्टरवर बहुधा डावी-उजवी खूण कोरलेली असते. काढतानाच प्रत्येकाला वेगळ्या पिशवीत ठेवणं सोपं.

हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी ताणायची. आधीच ताणली तर शू अँकर पिनवर पूर्ण टेकत नाहीत, आणि मग सेल्फ-ॲडजस्टरही काम सोडून देतो.

नळ्यांबाबत अमेरिकेत आणि इथे नियम एकच: साधी तांब्याची नळी ब्रेकला लावायची नाही. थरथरीने ती कडक होऊन चिरते. ब्रेकसाठी बनवलेली पोलादी नळी किंवा तांबं-निकेलच्या मिश्रधातूची नळी चालते. टोकाला एकेरी नव्हे, तर दुहेरी दुमडलेला फ्लेअर हवा. मधला रबरी होसपाइप जुना असेल तर तो बाहेरून धड दिसला तरी बदलावा. आतून फुगलेला होसपाइप दाब जाऊ देतो आणि परत येऊ देत नाही, त्यामुळे पाय उचलल्यावरही ब्रेक धरून राहतात.

हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी घ्यायचं. अमेरिकी ट्रकमध्ये मास्टर सिलिंडर डावीकडे असतो, म्हणून पहिला मान उजव्या मागच्या चाकाचा. ऑइल ताजं आणि सीलबंद डब्यातलं हवं. डॉट-३ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, आणि पाणी मुरलेल्याचा किमान १४० वर येतो. डॉट-४ मध्ये हे आकडे २३० आणि १५५ आहेत. उघड्या राहिलेल्या अर्ध्या डब्यातलं ऑइल घाटात उकळून वाफ झालं, तर पेडल नुसतं हवेत जातं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ही काळजी जास्तच घ्यावी लागते. नंतर शू हाताने जुळवायचे: चाक फिरवताना लायनरचा हलका घासल्याचा आवाज यावा, पण चाक अडू नये. मग मोकळ्या जागेत कमी वेगाने चाचणी, मागे घेत काही वेळा ब्रेक, आणि त्यानंतर मध्यम जोराचे थांबे थोड्या थोड्या अंतराने, म्हणजे नवा लायनर ड्रमशी जुळून येतो.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा मागेही डिस्क का बसवू नये, असं अनेक जण विचारतात, आणि त्यासाठी तयार संच विकतही मिळतात. वेगाच्या शर्यतीसाठी ते योग्य असेल. रस्त्यावर फिरणाऱ्या ट्रकला त्याची गरज नाही. ब्रेक मारल्यावर भार पुढे जातो आणि रिकाम्या पिकअपची मागची चाकं तशीही हलकी होतात, तिथे जास्त जोर दिला तर ती फक्त लॉक होतात. शिवाय ड्रमच्या आतला हँडब्रेक साधा आणि पकडीला मजबूत असतो. पुढे डिस्क आणि मागे नीट बसवलेले ड्रम ही जोडी सी-१०ला पुरून उरते. हे जुन्या वस्तूंच्या प्रेमापोटी केलेलं विधान नाही. फोक्सवॅगनच्या आयडी.४ या विजेच्या मोटारीलाही मागे ड्रमच दिले आहेत. विजेची गाडी वेग कमी करताना मोटरमधूनच ऊर्जा परत घेते, त्यामुळे मागचे ब्रेक फारच कमी वापरात येतात. कमी वापरातली उघडी डिस्क गंजते, आणि बंदिस्त ड्रमला तो त्रास कमी होतो.

आपल्याकडच्या बोलेरो पिकअपला, टाटा एसला आणि बहुतेक छोट्या मोटारींना आजही मागे ड्रमच आहेत. त्यांची रचना ड्यूओ-सर्व्होपेक्षा साधी असते, पण गळणारा सिलिंडर, अडकलेला ॲडजस्टर आणि तेल लागलेला लायनर हे दोष तेच. पुढचे पॅड चाकाच्या फटीतून डोकावूनही दिसतात, मागचा ड्रम मात्र उघडल्याशिवाय काहीच दाखवत नाही. म्हणून पुढच्या सर्व्हिसिंगला मागचे दोन्ही ड्रम काढायला सांगा, स्वतः उभे राहून व्हील सिलिंडरच्या रबरी टोप्या मागे करून आत पाहायला लावा, आणि साफसफाईला हवेचा पाइप उचलला तर तो खाली ठेवायला सांगून ओलं फडकं हातात द्या.